लॅपटॉपची पारख

मातीचा माठ विकत घेताना जाणती गृहिणी त्यावर टिचकी मारून त्याचा नाद ऐकते. बैल घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो व त्याला चार पावले चालवून बघतो. वस्तूची अशी पारख करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु लॅपटॉपसारखे नवे यंत्र समोर आले, की भल्याभल्यांची मती गुंग होते. त्याची पारख कशी करावी? मुलांनो, जून २०२४ मधील एक प्रसंग सांगतो, म्हणजे ही गोष्ट तुमच्या ध्यानी येईल.

कोरेगावात आमच्या शेजारी शिवणकाम करून संसार चालविणाऱ्या एक भगिनी राहतात. त्यांची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. तिला साताऱ्यास वाणिज्य शाखेत प्रवेश मिळाला होता. रोज सकाळी एस.टी.ने जावयाचे व सायंकाळी परत यावयाचे. आईने तीन वर्षांत शिलाईच्या पैशांतून ४०,००० रुपये मागे टाकले होते. एके दिवशी मायलेकी माझ्याकडे आल्या. मुलीने दुकानात एक लॅपटॉप पाहून ठेविला होता. त्याच्या कळांतून रंगीबेरंगी प्रकाश पडे. किंमत ५८,००० रुपये. वरचे १८,००० रुपये हप्त्यांनी फेडावे लागणार होते.

"गुरुजी, तोच घ्यावा ना?" तिने आशेने विचारले.

मी होयही म्हणालो नाही व नाहीही म्हणालो नाही. एवढेच विचारले, "त्याचे वजन किती?"

तिने दुकानदाराने दिलेला कागद पाहिला. "यंत्र २.३ किलो आणि चार्जर अर्धा किलो."

मी घरातून २.८ किलो ज्वारी मोजून पिशवीत बांधली व तिच्या हाती दिली. "प्रवेशाच्या कामासाठी तू उद्या साताऱ्यास जाणार आहेस. ही पिशवी पुस्तकांबरोबर दप्तरात ठेव आणि दिवसभर वागव."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीस ती परत आली. दप्तर ओट्यावर ठेवून खांदा चोळीत म्हणाली, "गुरुजी, गाडीत जाता-येता उभेच राहावे लागले. तो लॅपटॉप मला नको!"

जवळ बाळगण्याजोगे यंत्र खरोखरच जवळ बाळगता आले पाहिजे. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न-१ नावाचा संगणक विक्रीस आला. तो उचलून नेता येई, याचे लोकांस मोठे नवल वाटले. पण त्याचे वजन सुमारे ११ किलो होते आणि पडदा अवघा ५ इंचांचा! आज दीड किलोच्या आतही चांगले लॅपटॉप मिळतात. मग विनाकारण ओझे का वाहावे?

नंतर आम्ही कागद घेऊन बसलो. मी म्हणालो, "आधी आपले काम लिही, मग यंत्र शोध." तिने लिहिले : निबंध व टिपणे, हिशेबाचे तक्ते, इंटरनेटवरील व्याख्याने आणि मराठी टंकलेखन. ज्यांना इमारतींचे आराखडे काढावयाचे असतात किंवा चित्रपटाची जुळणी करावयाची असते, त्यांना बलवान व जड यंत्र घ्यावे लागते. या मुलीच्या कामास त्याची गरज नव्हती.

"पण गुरुजी, रॅम आणि एसएसडी यांत फरक काय?" तिने विचारले.

"रॅम म्हणजे तुझे अभ्यासाचे मेज," मी सांगितले. "मेज जितके मोठे, तितकी अधिक पुस्तके एकाच वेळी उघडून ठेवता येतात. एसएसडी म्हणजे कपाट. काम संपल्यावर वह्या तेथे जपून राहतात. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरत असे. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. म्हणून ती वेगवान असते व एस.टी.च्या धक्क्यांनाही चांगली टिकते."

तिच्या कामास ८ जीबी रॅम पुरेशी होती. मात्र पुढे ती वाढविता येते की नाही, हे विचारून घ्यावयाचे ठरले. बॅटरीचा हिशेब तिने स्वतःच मांडला. बॅटरी ४२ वॉट-तासांची असेल व यंत्रास सरासरी ७ वॉट वीज लागत असेल, तर ४२ भागिले ७, म्हणजे ६ तास. पडद्याचा प्रकाश वाढविला, की हा वेळ घटतो.

दुकानात १८,००० रुपयांचे एक वापरलेले यंत्रही होते. आईला ते स्वस्त वाटले. परंतु ते विंडोज १० च्या पुढे जाऊ शकत नव्हते आणि त्या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबेल, असे कंपनीने आधीच जाहीर केले होते. त्याप्रमाणे ते थांबलेही.

अखेर १४ इंची पडद्याचा, १.४ किलो वजनाचा लॅपटॉप ३६,५०० रुपयांस मिळाला. मुलीने दुकानातच प्रत्येक कळ दाबून पाहिली, इन्स्क्रिप्ट पद्धतीने आपले नाव मराठीत लिहिले, पावती व एक वर्षाच्या हमीचा कागद मागून घेतला. दुरुस्तीची सोय साताऱ्यातच आहे, याचीही खात्री करून घेतली. लिबरऑफिस मोफत मिळत असल्याने लेखन व हिशेब यांसाठी निराळा खर्च आला नाही.

त्या रात्री आईने भीतभीत विचारले, "यात माझ्या शिलाईचा हिशेब मावेल का गं?"

मुलीने काढलेला पहिला तक्ता आईच्या हिशेबाचा होता. त्याच्या तळाशी ३,५०० रुपये शिल्लक दिसत होती. हप्ता एकही नव्हता.

मुलांनो, वस्तूचा झगमगाट दुकानातच राहतो. तिचे ओझे आणि तिचा हप्ता मात्र आपल्याबरोबर घरी येतो. म्हणून कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी प्रथम आपली गरज ओळखावी, मग वस्तू पारखावी.

स्वाध्याय

१. गुरुजींनी मुलीला ज्वारीची पिशवी का दिली?
२. रॅम व एसएसडी यांना कशाकशाची उपमा दिली आहे? ती कशी योग्य आहे?
३. ५४ वॉट-तासांची बॅटरी ९ वॉट वीज घेणाऱ्या यंत्रास किती तास पुरेल?
४. 'मती गुंग होणे' व 'मागे टाकणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरी अलीकडे घेतलेल्या एखाद्या वस्तूची पारख कशी केली, ते वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.