नव्या मित्रासोबत नदीवर जाताना

आखाड सरत आला की आमच्या भोकरदन तालुक्यात खेकड्यांचा विषय निघतोच. कपाशी, मका, सोयाबीनच्या पेरण्या उरकलेल्या असतात, ओढ्यानाल्यांना पाणी खेळू लागलेलं असतं आणि श्रावण लागला की महिनाभर घरात वशाट शिजणार नसतं. अशाच एका आखाडातल्या शनिवारी आमच्या शाळेत नव्याने रुजू झालेले सर मला म्हणाले, "सर, उद्या तुमच्याकडचे खेकडे धरायला नेता का?" ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठी वाढलेले. चिंबोऱ्या धरण्यात लहानपण गेलेलं. मी इथलाच, केळना नदीच्या काठचा. ओळख नवी होती, पण माणूस मोकळा, बोलका. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो.

खेकडा धरणं दोघांनाही येत होतं. तरी त्या दिवशी जिवावरचा प्रसंग आला आणि तो खेकड्यामुळे आला नाही. दर पावसाळ्यात दोघं-तिघं मित्र असेच हौसेने नदीवर जातात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी खेकड्याचंच सांगतो, कारण नवख्या माणसाला सगळी भीती त्याच्या नांग्यांची असते. आमच्याकडचा खेकडा गोड्या पाण्यातला, काळपट किंवा तपकिरी पाठीचा. उन्हाळाभर तो ओढ्याच्या काठात, बांधात खोल बीळ करून ओलीला बसतो. मृगाचा पाऊस पडला की रात्री बाहेर पडतो. धरताना पाठीमागून, कवचाच्या दोन्ही कडांना अंगठा आणि बोटं लावून उचलायचा, म्हणजे नांगी तिथवर पोहोचत नाही. चुकून बोट धरलंच तर ओढाओढ करू नये. हात त्याच्यासकट पाण्यात धरावा, बहुतेक वेळा तो आपणहून सोडतो. सगळ्यात बिनधोक रीत काठीची. काठीला दोरी, दोरीला कोंबडीचं आतडं बांधून दगडांच्या सांदीत सोडायचं, खेकड्याने पकडलं की झटका न देता हळूहळू वर घ्यायचं आणि खाली घमेलं धरायचं. सरांना ही रीत पाठ होती. खाडीवरही तसंच करतात म्हणाले.

काठीला लागेनात तेव्हा सर काठच्या बिळांकडे वळले. बाही वर सारून त्यांनी एका बिळाशी हात नेला. मी म्हटलं, "सर, हात नको." ते हसून म्हणाले, "अहो, खाडीत याच्या दुप्पट नांग्यांचे धरलेत." नव्या ओळखीच्या माणसाला पुन्हा टोकणं जड जातं, पण मी टोकलं आणि त्यांना बिळाचं तोंड दाखवलं. खेकडा आत असला की तोंडाशी ओल्या चिखलाच्या ताज्या गोळ्या पडलेल्या असतात, कारण रात्री तो माती उकरून बाहेर टाकतो. चिखलावर त्याच्या पायांच्या टोकांचे बारीक ओरखडे दिसतात. या बिळाची कड गुळगुळीत होती, माती वाळलेली होती आणि एका बाजूला कोळ्याचं जाळं होतं. म्हणजे खेकडा कधीच गेलेला. रिकाम्या बिळात बेडूक शिरतात, उंदीर शिरतात आणि त्यांच्या मागावर साप येतो. मी तारेचा आकडा आत सरकवला. आतून दिवड निघाली, सळसळत पाण्यात गेली. दिवड बिनविषारी असते. पण बिळात हात घालताना आत दिवड आहे की नाग, हे कुणालाच कळत नाही. ताज्या मातीच्या बिळातही साप शिरू शकतो, म्हणून कुठल्याच बिळात हात घालायचा नाही. तारेचा आकडा वापरावा, नाहीतर ते बीळ सोडून द्यावं.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. दंश झालाच तर जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळून बांधू नका. घड्याळ, अंगठी, करदोडा काढा, तो हात किंवा पाय लाकडाच्या फळीसारखा आधार देऊन स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं आणि ते तिथे मिळतं. सापाला मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नका. मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

आता पाण्याचं. दुपार कलली तेव्हा आम्ही नदीच्या मधोमध एका मोठ्या खडकावर होतो. तिथे कपारी चांगल्या होत्या आणि पिशवी भरत आली होती. आभाळ मोकळं, ऊन पडलेलं. सरांचा सगळा अंदाज खाडीचा होता. खाडीचं पाणी तिथीने चालतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. तिथल्या पोराला तिथी सांगितली की पाणी कधी येणार हे तो सांगतो. आमच्या नदीला तिथी नाही. केळना येते सिल्लोडकडून, अजिंठ्याच्या डोंगरातून, भोकरदनवरून पुढे जाफराबादला पूर्णेला मिळते. डोंगरात ढग फुटला आणि इथे कडक ऊन असलं, तरी ते पाणी इथे येणारच. डोंगर उघडे आणि जमीन मुरमाड, त्यामुळे ते येतं तेही लोंढ्याने.

माझे चुलते, तात्या, यांनी लहानपणी एक सवय लावली होती. नदीत उतरायच्या आधी पाणी जिथे काठाला टेकतं तिथे एक काडी रोवायची आणि काम करताना मधूनमधून तिच्याकडे बघायचं. मी बघितलं तेव्हा काडी पाण्यात उभी होती. मग पाण्याकडे पाहिलं. सकाळी तळाचे गोटे दिसत होते, आता पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. वरून मक्याची पानं, काटक्या, फेसाचे पुंजके येऊ लागले होते. आवाज बदलला होता. सकाळची खळखळ जाऊन त्याजागी एक जड, सलग घुमणं ऐकू येत होतं.

"सर, निघूया," मी म्हणालो.

"आभाळ तर स्वच्छ आहे. अजून दहा मिनिटं. ही एवढी कपार बघतो."

इथे नव्या मैत्रीत जे होतं तेच घडण्याची पाळी आली होती. जुना मित्र असता तर शिवी हासडून ओढला असता. नव्या माणसाला वाईट वाटेल, आपण भित्रे ठरू, त्याच्या हौसेवर पाणी पडेल, असे विचार त्या दहा मिनिटांच्या पोटात असतात. भीड भिकेची बहीण म्हणतात. नदीत ती त्याहून वाईट. मी ओरडलो, "सर, पिशवी राहू द्या! आधी बाहेर या!" माझा आवाज ऐकून ते चपापले, पण उठले. पिशवी तिथेच राहिली. काठाकडे येताना जिथे सकाळी घोटाभर पाणी होतं तिथे गुडघ्याला लागत होतं. गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं, कारण पायाखालचे गोटे सरकत असतात. एकमेकांचं मनगट धरून, तिरकं, एकेक पाय रोवत आम्ही बाहेर आलो. बोटांत बोटं गुंतवून धरू नये, मनगट धरावं. पकड सुटत नाही. काठावर बसून दम खातो न खातो तोच तो खडक दिसेनासा झाला.

आमची मोटारसायकल पलीकडच्या काठाला होती. आम्ही चालत फरशी पुलाकडे गेलो, तर फरशीवरून पाणी चाललेलं. दोन्ही बाजूंनी माणसं थांबली होती. एका तरुणाला गाडी घालायची घाई होती, "रोजचा रस्ता आहे" म्हणत होता. चार जाणत्या माणसांनी त्याची चावीच काढून घेतली. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे वरून दिसत नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. थांबण्याने उशिराशिवाय काही होत नाही.

जिल्ह्याच्या दक्षिणेला धोका वेगळा आहे. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांच्या कडेने गोदावरी वाहते. तिथे पाऊस नाशिककडे पडतो आणि पाणी पैठणच्या जायकवाडीतून सोडलं जातं, म्हणजे गावात थेंब नसताना पात्र भरू शकतं. विसर्गाचा इशारा आला असेल त्या दिवशी पात्रात पाऊल टाकू नये. वाळू उपशाचे खड्डे हा दुसरा शत्रू. वरून सपाट दिसणाऱ्या पाण्यात एका पावलावर दोन पुरुष खोली लागते, मग पोहता येणाराही घाबरतो. गोदेत असो की पूर्णेत, अनोळखी पाण्यात काठीने तळ चाचपल्याशिवाय पुढे जाऊ नका. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पात्रं खरवडली गेली, काठ बदलले. आपल्या ओळखीचा डोह आता ओळखीचा राहिला आहे, असं धरून चालू नका.

पुलाकडे चालत जाताना आणखी एक गोष्ट दिसली. कपाशीच्या रानातून येणाऱ्या नाल्याकाठी, भर उजेडात, खेकडे बाहेर पडलेले होते. काही उताणे, काही पाय ओढत चाललेले. पिशवी गेल्याची हळहळ असलेले सर खाली वाकले. मी त्यांना थांबवलं. निरोगी खेकडा माणसाची चाहूल लागताच सांदीत घुसतो. तो सुस्त पडलेला असेल तर पाण्यात काहीतरी आहे. फवाऱ्याचा पंप कुणी नाल्यात धुतला असेल, नाहीतर मासे धरायला कुणी औषध टाकलं असेल. पाण्यात विष कालवून किंवा सुरुंग लावून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे, तरी ते चालतं. असे खेकडे फुकट मिळाले तरी घेऊ नका, बाजारात मेलेले दिसले तर विकतही घेऊ नका. जिवंत खेकडे आणतानाही बादलीभर पाण्यात कोंबू नयेत, साचलेल्या पाण्यात ते गुदमरून मरतात. ओलं गवत किंवा ओलं पोतं घालून हवेशीर टोपलीत आणावेत.

खेकडे सगळेच उचलायचे नसतात. उताणा करून पोटावरची झडप बघा. नराची अरुंद, टोकदार असते, मादीची रुंद आणि गोल. पावसाळ्यात त्या झडपेखाली अंडी किंवा मोहरीएवढी पिल्लं असतात. समुद्री चिंबोरीची अंडी फुटली की पिल्लं पाण्यात वाहत दूर जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याचं तसं नाही, अंड्यातून थेट छोटा खेकडाच निघतो आणि आईच्या पोटाला चिकटून राहतो. अशी एक मादी शिजवली तर त्या ओढ्यातला पुढचा सगळा वंश गेला. ती जिथून काढली तिथेच सोडा. हे सरांना नवीन होतं. सकाळी अशीच एक मादी त्यांनी स्वतःच्या हाताने परत सोडली होती.

बिळासाठी कुदळ घेऊन बांध उकरणं हा तर उघड अपराध आहे. शेताचा बांध दुसऱ्याचा असतो आणि पाझर तलावाचा बंधारा सगळ्या गावाचा. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटून माणसं गेली, तेव्हा खेकड्यांनी धरण पोखरल्याचं मंत्र्यांकडून सांगितलं गेलं आणि राज्यभर त्यावर वाद झाला. तो वाद बाजूला ठेवा. खेकड्याच्या मागे लागून माणसाने बंधाऱ्यात पाडलेलं भगदाड मात्र मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि त्यातून तलावाचं पाणी झिरपून गेलेलंही. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा जळाल्या ते आम्ही विसरलेलो नाही. तलावाचा थेंब खेकड्यापेक्षा मोलाचा आहे.

शिजवण्याबद्दल थोडंच. कवच काढल्यावर दोन्ही बाजूंना पांढरे, पिसांसारखे कल्ले दिसतात, ते काढून टाकावेत. लहान पाय वाटून, गाळून रस्सा करतात. तो खळखळून, पुरेसा वेळ उकळू द्यावा. मुलं शेतात आरावर नांग्या भाजतात आणि अर्ध्या कच्च्या खातात, ते थांबवा. कच्च्या खेकड्यातून फुप्फुसात जाणारा एक परजीवी आहे. मणिपूरसारख्या ईशान्येकडच्या राज्यांत त्याचे रुग्ण सापडलेले आहेत. खोकल्यातून रक्त पडतं आणि क्षयरोग समजून भलतेच उपचार होत राहतात.

सर आणि मी नंतरही बरोबर गेलो. एकदा ते त्यांच्या खाडीवर मला घेऊन गेले. निघताना म्हणाले, "इथे मात्र मी म्हणेन तेव्हा वळायचं." मी लगेच हो म्हटलं. नव्या सोबत्याबरोबर निघण्याआधी एवढंच ठरवून घ्यावं: पोहता येतं का, कवचाचे प्राणी खाऊन कधी अंगावर गांधी उठल्यात का, आणि दोघांपैकी कुणीही "चला" म्हटलं की प्रश्न न विचारता बाहेर पडायचं. त्या पाण्याची माहिती ज्याला जास्त, त्याचा शब्द शेवटचा. वय, पगार, पद यातलं काही तिथे चालत नाही.

वीज चमकत असेल तर पाण्यातून आणि झाडाखालून दोन्हीकडून दूर व्हा. मोबाईलमध्ये 'दामिनी' हे विजेचा इशारा देणारं ॲप ठेवा. घरच्यांना नेमकी जागा सांगून निघा. नदी जिकडून येते तिकडच्या एखाद्या गावातल्या माणसाचा नंबर जवळ ठेवा आणि निघण्यापूर्वी त्याला विचारा. वरच्या अंगाला पाऊस आहे असं तो म्हणाला, तर त्या दिवशी नदीवर जाऊ नका.