वडिलांबरोबर गाडीने प्रवासाला निघताना

सुट्ट्यांचे दिवस जवळ आले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, वडिलांना गाडीने लांब न्यायचे आहे. नेऊ ना?" विचारणारी बहुधा मुलगी असते, बाहेरगावी नोकरी करणारी, स्वतः गाडी चालवणारी. वडील साठी-सत्तरीचे, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. प्रकृती स्थिर असेल तर मी "जरूर न्या" असेच सांगतो. मात्र सोबत आणखी एक गोष्ट सांगतो. वडिलांच्या प्रकृतीची खरी हकिगत कळण्याची ही उत्तम संधी आहे, ती वाया घालवू नका.

असे का, ते पाहू. आपल्याकडे वडील माणूस दुखणे बोलून दाखवत नाही. मुलीपुढे तर नाहीच. तपासणीच्या खोलीत "कसे आहे?" म्हटले की "सगळे व्यवस्थित" असे उत्तर येते. गाडीत मात्र दोघे शेजारी शेजारी बसलेली असतात, दोघांची नजर रस्त्यावर असते आणि मध्ये कोणी येणारे नसते. समोरासमोर जे तोंडातून निघत नाही, ते अशा वेळी सहज निघते.

सोलापूरकडच्या एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गुरुजींचे वय 69. मधुमेह 14 वर्षांचा, जोडीला रक्तदाब. पत्नी जाऊन वर्ष झालेले. त्यांची पहिली नोकरी साखरप्याजवळच्या एका खेड्यात झाली होती. ती शाळा पुन्हा एकदा पाहावी अशी त्यांची इच्छा होती. गेल्या वर्षी मार्च महिन्यात मुलीने चार दिवसांची रजा काढली आणि बापलेक मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटाकडे निघाले.

मंगळवेढा मागे पडले तरी गुरुजींनी पाण्याची बाटली उघडली नव्हती. मुलीने फारच आग्रह केला तेव्हा ते म्हणाले, "दर तासाला गाडी थांबव असे तुला कसे सांगू? म्हणून पाणी नको, आणि आज ती लघवीची गोळीही घेतलेली नाही." पुढे मिरजेच्या अलीकडे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "गोळ्या तुझी आई काढून हातावर ठेवायची. आता कोणती कधीची ते लक्षात राहत नाही. आठवतील तेवढ्या घेतो." म्हणजे वर्षभर औषध अर्धेमुर्धेच चालले होते. मुलगी दर रविवारी फोनवर "गोळ्या घेता ना?" असे विचारत असे आणि ते "हो" म्हणत. ते खोटेही नव्हते.

शाळा पाहून झाली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघे एका देवळात गेले. आवारातली फरशी तापलेली होती. मुलगी चटके बसताच सावलीकडे पळाली. गुरुजी मात्र त्याच फरशीवरून अनवाणी सावकाश चालत आले. "भाजत नाही का अण्णा?" असे तिने विचारले, तर "कुठे काय?" हे उत्तर. रात्री तिने हट्टाने त्यांचे तळवे पाहिले. डाव्या तळव्यावर रुपयाएवढा फोड होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. तिने तो फोडला नाही. पाय स्वच्छ धुऊन, कोरडा करून, वर निर्जंतुक पट्टी ठेवली आणि परत येताच त्यांना माझ्याकडे आणले. तीन आठवड्यांत जखम भरली. तीच जखम न दिसता चिघळली असती, तर पाय वाचवण्याची वेळ आली असती.

या हकिगतीवरून शिकण्यासारख्या गोष्टी क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट लघवीची. उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते व वारंवार लघवीला जावे लागते. मधुमेह ताब्यात नसला तरीही तसे होते. यावर पाणी तोडणे हा उपाय नव्हे. त्याने चक्कर येते, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडावर ताण पडतो. लघवी वाढवणारी गोळी परस्पर बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे. मुलीने "लागली का?" असे विचारत बसू नये. दर दीड-दोन तासांनी, "मला पाय मोकळे करायचे आहेत" असे म्हणून आपणच गाडी थांबवावी. वडिलांचा संकोच राहत नाही.

या थांबण्याचा दुसराही फायदा आहे. तासन् तास पाय लोंबते ठेवून बसल्याने पोटरीच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. चार तास किंवा त्याहून अधिक वेळ असे बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालात म्हटले आहे. निरोगी माणसात मुळात हा धोका फार थोडा असतो, त्यामुळे घाबरू नये. पण पाच-दहा मिनिटे चालावे आणि बसल्या जागी पावले वर-खाली करावीत. प्रवासानंतर काही आठवड्यांत एकच पाय सुजला, पोटरी दुखली किंवा एकाएकी दम लागला तर ताबडतोब डॉक्टरांना गाठावे.

घाटात मळमळू नये म्हणून अनेकजण दुकानातून गोळी घेऊन वडिलांना देतात. तसे करू नये. यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी तुंबू शकते, वृद्धांना गुंगी येते, बोलण्यात भ्रम होतो. त्यांना पुढच्या आसनावर बसवावे, दूरवर पाहायला सांगावे, काच थोडी उघडी ठेवावी. घाटापूर्वी हलके खाणे पुरे.

मधुमेहाचे औषध चालू असताना जेवणाची वेळ टळली तर साखर उतरते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी आणि नंतर जेवू घालावे. पेढा किंवा चॉकलेट चालत नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. इन्सुलिन असेल तर ते उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये आणि बर्फालाही चिकटू देऊ नये. आणि चुकलेली गोळी भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

शेवटची गोष्ट पायांची. जुन्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात; चटका, काटा, बूट चावणे, काहीच कळत नाही. देवळात जायचे तर सकाळी किंवा संध्याकाळी जावे, भर दुपारी टाळावे. मोजे घालण्यास देवाची हरकत नसते. रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा, नाहीतर मुलीने पाहावेत. यात लाजण्यासारखे काही नाही. तिच्या लहानपणी तिच्या पायातले काटे त्यांनीच काढले होते.

गुरुजींकडे आता सात दिवसांच्या खणांची डबी आहे. रविवारी फोन सुरू असतानाच ते ती भरतात आणि प्रत्येक गोळीचे नाव मुलीला वाचून दाखवतात. "घेता ना?" हा प्रश्न आता उरलेला नाही. मुलगी मला म्हणाली, "त्या चार दिवसांत अण्णा जेवढे बोलले, तेवढे गेल्या दहा वर्षांत बोलले नव्हते."

तेव्हा वाचकहो, वडिलांना घेऊन जरूर निघा. आठ दिवस आधी तपासणी करून घ्या, औषधांची चिठ्ठी व दोन दिवसांच्या जादा गोळ्या जवळ ठेवा. गाडीतली गाणी अधूनमधून बंद करा. वडील बोलू लागले तर उपदेश न करता ऐका, आणि परत आल्यावर ऐकलेले सारे आपल्या डॉक्टरांच्या कानावर घाला.