अँपची तीन बटणं

मागच्या महिन्यात गुरुवारच्या भजनाला आमचा चिरंजीव गिटार घेऊन बसला आणि आजींचे शब्दच ऐकू येईनात. आम्ही सगळ्यांसमोर त्याला आवाज कमी करायला लावलं. शब्द तरी गढूळच. पोरगं हिरमुसलं, पुढच्या भजनाला आलंच नाही.

रविवारी दोघं अँपपाशी बसलो. पाहतो तर बेस आणि ट्रेबल पूर्ण, मिड शून्यावर! एकट्याने वाजवताना हे गोड लागतं. पण गिटारचा गाभा मिडमध्ये असतो. तो काढला की तबला-पेटीत गिटार हरवते, मग आवाज वाढवावा लागतो, आणि घुमतो तो बेस. शब्द तोच गिळत होता. चूक आमचीही, आवाजाचंच बटण धरून बसलो.

फेंडर ट्विन रिव्हर्बसारख्या अँपवर तिन्ही बटणं शून्यावर नेली तर आवाज जवळजवळ बंद होतो. ती भर घालत नाहीत, फक्त काढतात. शिवाय एक हलवलं की दुसऱ्याचा परिणामही बदलतो. म्हणून मध्यापासून सुरुवात करा, एका वेळी एकच फिरवा.

लावायचं ते भजनाच्याच आवाजात. हळू आवाजात कानाला बेस कमी लागतो, मग आपण उगाच वाढवतो. अँप कोपऱ्यात नको, तिथे बेस फुगतो. ट्रेबल सरळ समोर जातं. बाजूला बसलेल्या वादकाला कमी वाटतं, पुढच्या सतरंजीवरच्यांचे मात्र कान किटतात. तेव्हा समोर बसून ऐका.

आमच्याकडे बेस तीन, मिड सहा, ट्रेबल पाचावर जमलं. या गुरुवारी चिरंजीव येतोय. आजींनी त्याची जागा आपल्या शेजारीच ठेवलीय.