हक्क आणि कायदा

मुलांनो, 'हक्क' आणि 'कायदा' हे दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. उर्दूत मुळाक्षरांच्या पहिल्या पुस्तकालाही कायदा म्हणतात. मराठीत तसे म्हणत नाहीत. पण गंमत अशी, की एका कायद्यात खरोखरच पुस्तके आहेत!

तो म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षण मिळावे आणि शाळा घराजवळ असावी, असे तो सांगतो.

पूर्वी असे नव्हते. धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचा लक्ष्मण जोशी हा मुलगा शिकण्यासाठी घर सोडून कृष्णाकाठच्या वाईला आला. तेथील प्राज्ञपाठशाळेत तो शिकला. मुलींना तर तेवढीही वाट मोकळी नव्हती. पुढे हेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. वाईतच त्यांनी तो घडवला. आता तो संगणकावर कोणालाही मोफत वाचता येतो.

शाळेत ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तकेही हवीत, हे कायद्यातच लिहिले आहे. तुमच्या शाळेतील पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असेल, तर सरांकडे किल्ली मागा.