व्हिएन्ना : फुरसतीची नगरी

युरोपातील जुनी राजधानी पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा राजवाड्यांची यादी बरोबर घेऊन येतो. व्हिएन्नात ही यादी अपुरी पडते. हॅब्सबुर्ग घराण्याने येथून सहाशे वर्षांहून अधिक काळ राज्य केले हे खरे. परंतु या नगरीचे वैशिष्ट्य राजांनी काय बांधले यापेक्षा त्यांना प्रजेसाठी काय मोकळे करावे लागले, यात शोधणे अधिक उचित ठरेल. सामान्य नागरिकाचा रिकामा वेळ येथे एक सार्वजनिक संस्था बनला.

या घडणीत तीन वर्षे महत्त्वाची आहेत. १७६६ मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याने प्राटर हे राजघराण्याचे शिकारीचे रान सर्वांसाठी खुले केले. आज तेथे दिसणारा प्रचंड पाळणा १८९७ सालचा आहे. १७८४ मध्ये त्याच सम्राटाने उत्पादकांना स्वतःच्या मळ्यातील वारुणी स्वतःच विकण्याची मुभा दिली. शहराच्या कडेला द्राक्षमळ्यांलगत असलेल्या 'हॉयरिगर' या साध्या पानगृहांची परंपरा या आज्ञेपासून बळावली. दारावर सदाहरित झाडाची डहाळी टांगलेली असली, की नवी वारुणी उपलब्ध आहे असे समजावे. पुढे डिसेंबर १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफ याने जुनी तटबंदी पाडण्याचा आदेश काढला आणि तिच्या जागी रिंगश्ट्रासे हा रुंद राजमार्ग आला. संसद, विद्यापीठ, नाट्यगृह, संगीतिकागृह आणि वस्तुसंग्रहालये या एका मार्गावर उभी आहेत. पायी फेरी मारल्यास ती सर्व एका दिवसात बाहेरून तरी पाहून होतात.

कॉफीगृहाची कथा तटबंदीहून जुनी नसली तरी तिच्याइतकीच दंतकथांनी वेढलेली आहे. १६८३ च्या वेढ्यानंतर तुर्कांनी मागे टाकलेल्या पोत्यांतून पहिले कॉफीगृह सुरू झाले, असे सांगितले जाते. कागदोपत्री मात्र पहिला परवाना १६८५ मध्ये योहानेस डिओडाटो या आर्मेनियन व्यापाऱ्याला मिळाल्याचे दिसते. कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो, लाकडी दांडीत अडकविलेली वर्तमानपत्रे वाचावयास मिळतात आणि एका पेल्यावर कितीही वेळ बसले तरी कोणी उठवीत नाही. ज्याचे घर थंड व अपुरे होते, त्याला एका पेल्याच्या मोलात ऊबदार दिवाणखाना लाभला. १८७६ मध्ये सुरू झालेल्या 'काफे सेंट्राल'मध्ये साहित्यिक लिहीत बसत, तर निर्वासित ट्रॉट्स्की बुद्धिबळ खेळे.

येथील पाकशाळेतही साम्राज्याचा नकाशा उलगडतो. गुलाश हंगेरीचा, उकडलेल्या पिठाचे गोळे बोहेमियाचे. वासराच्या मांसाचा पातळ काप पावाच्या चुऱ्यात घोळवून तळला, की श्निट्सेल होते. शाकाहारी पाहुण्याने आप्फेलश्ट्रुडेल मागवावे. त्याचे पीठ ताणून ताणून पारदर्शक करतात आणि आत सफरचंद, बेदाणे व दालचिनी भरतात.

१८६९ मध्ये मोत्सार्टच्या 'डॉन जिओव्हान्नी'ने संगीतिकागृहाचे उद्घाटन झाले. मार्च १९४५ मधील बॉम्बवर्षावात ते बहुतांशी जळाले. दहा वर्षांनी, परकीय सैन्ये देशातून बाहेर पडली त्याच वर्षी, बेथोव्हनच्या 'फिडेलिओ'ने त्याची दारे पुन्हा उघडली. अन्यायी बंदिवासातून सुटकेचे ते नाट्य आहे. त्या प्रसंगी याहून समर्पक निवड कोणती असू शकली असती? महागड्या आसनांच्या मागे येथे उभ्याने पाहण्याच्या स्वस्त जागाही राखलेल्या असतात.

तथापि वास्तू पुन्हा बांधता येते, माणसे येत नाहीत. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझी जर्मनीला जोडला गेला तेव्हा या नगरीत पावणेदोन लाखांच्या आसपास ज्यू राहत होते. कॉफीगृहांतील लेखक आणि वाचक, संगीतसभांतील वादक आणि रसिक यांत त्यांचा मोठा भाग होता. बागेतील बाकांवर बसण्याचीही त्यांना बंदी झाली. बहुसंख्य परागंदा झाले. ऑस्ट्रियातील पासष्ट हजारांहून अधिक ज्यूंची हत्या झाली. युडेनप्लाट्स या चौकात २००० मध्ये उभारलेले स्मारक बंद ग्रंथालयाच्या आकाराचे आहे. पुस्तकांच्या पाठी आत वळविलेल्या असल्याने एकाही ग्रंथाचे नाव वाचता येत नाही, आणि दाराला मूठ नाही.

म्हणून व्हिएन्नाची भेट केवळ मिष्टान्नाने आणि वॉल्ट्झच्या सुरांनी पूर्ण होत नाही. कॉफीगृहात निवांत बसावे, संगीत ऐकावे, चित्रे पाहावीत. परंतु एक दुपार त्या चौकासाठीही राखून ठेवावी. नगरीची फुरसत ही कोणा एकाची मिरास नसते. ती सर्वांना खुली आहे तोवरच तिला संस्कृती म्हणता येते, आणि ज्या दिवशी एखाद्या शेजाऱ्याला बाकावरून उठविले जाते, त्या दिवशी उरलेल्यांची फुरसतही निर्दोष राहत नाही.