शहरातील बसप्रवास : एक पाठ

खेड्यातील मुलाला गाडीमागे धावण्याची सवय असते, आणि ती सकारण असते. आडवळणाच्या गावास एस. टी. दिवसातून दोन-तीन वेळाच येते. सकाळची गाडी चुकली तर बाजार बुडतो, दवाखान्याची वेळ टळते, नाहीतर दोन-तीन कोस पायपीट करावी लागते. म्हणून गाडीचा धुरळा दिसताच धावणे हे तेथे शहाणपणाचेच ठरते. हाच मुलगा पुढे शिक्षणासाठी वा पोटापाण्यासाठी मुंबईस जातो आणि ती सवय बरोबर घेऊन जातो. परंतु तेथील गर्दीच्या रस्त्यावर बसमागे धावणारा मनुष्य मोटारींच्या मध्ये सापडतो. गावात उपयोगी पडणारी सवय शहरात जिवावर बेतते. ही गोष्ट मुलाला गाव सोडण्यापूर्वी उमगली पाहिजे. ती समजावून देण्याचे काम गावच्या शाळेचे आहे.

प्रस्तुत पाठ इयत्ता चौथी व पुढील वर्गांस दोन तासिकांत घेता येईल. साहित्य : चुना, मोजण्याची दोरी, पाटी, रिकामी काडेपेटी व पुठ्ठ्याचे तुकडे.

प्रस्तावना. मुंबईत घोड्यांनी ओढलेली ट्राम १८७४ मध्ये व विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली. पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. १९४७ मध्ये हा कारभार महानगरपालिकेकडे आला. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली; बस मात्र आजही चालू आहे. मुंबईकर तिला ‘बेस्ट’ या नावाने ओळखतात. वर्गातील ज्या मुलांचे नातलग मुंबईस आहेत त्यांच्याकडून एवढे आधी वदवून घ्यावे, की ते कामावर कसे जातात.

अंक ओळखणे. बेस्टच्या बसच्या समोरील पाटीवर मार्गाचा क्रमांक देवनागरी अंकांत व बाजूस इंग्रजी अंकांत लिहिण्याची प्रथा आहे. देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. घाईत घोटाळा होतो तो येथेच. शिक्षकाने पुठ्ठ्यावर दोन्ही प्रकारचे अंक मोठे लिहून पटांगणाच्या टोकाशी धरावेत व मुलांकडून दुरून वाचवून घ्यावेत. तसेच, एकाच क्रमांकाची बस जाण्याच्या व येण्याच्या अशा दोन्ही दिशांस धावते, हेही सांगावे. म्हणून क्रमांकाबरोबर शेवटच्या थांब्याचे नावही वाचले पाहिजे. वाचता न आल्यास वाहकास विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. चुकीच्या दिशेने गेल्यास वेळ व पैसा दोन्ही जातात.

बसची जागा. पटांगणात चुन्याने १२ मीटर लांब व अडीच मीटर रुंद असा चौकोन आखावा. त्यात पन्नास मुले उभी करावीत. पट लहान असल्यास दुसऱ्या वर्गातील मुले बोलवावीत. शेजारी ४ मीटर लांबीच्या तीन मोटारी एकामागे एक आखून प्रत्येकीत दोघांस बसवावे. जितक्या लांबीत बस पन्नास माणसे नेते, तितक्याच लांबीत मोटारी सहाच माणसे नेतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. रस्ता का तुंबतो व बसचे भाडे कमी का पडते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या आकृतीत आहे. यानंतर एका मुलास खुर्चीवर उभे करून चालक करावे, त्याच्यापुढे फळा आडवा धरावा व एका लहान मुलास फळ्याच्या लगत बसवावे. चालकास तो दिसणार नाही. उतरल्यावर बसच्या अगदी पुढून रस्ता ओलांडू नये, याचे कारण हेच. मागूनही घाईने बाहेर पडू नये, कारण शेजारून येणारे वाहन बसच्या आड लपलेले असते. बस निघून जाऊ द्यावी, दोन्ही बाजू पाहाव्यात, मगच पलीकडे जावे.

चालती बस. पाटीवर काडेपेटी उभी ठेवून पाटी सावकाश ओढत न्यावी आणि एकदम थांबवावी. पाटी थांबते, पेटी पुढे पडते. चालत्या बसमधून उतरणाऱ्याचे असेच होते : पाय जमिनीवर टेकून थांबतात, पण शरीर बसच्या वेगाने पुढे जाते व मनुष्य तोंडावर आपटतो. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदास ५ मीटर, हे गणित मुलांकडून सोडवून घ्यावे. बसमध्ये उभे राहताना दांडा धरावा, दाराच्या पायरीवर उभे राहू नये, हात खिडकीबाहेर काढू नये.

भाड्याचा हिशेब. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे भाडे पहिल्या ५ किलोमीटरांस १० रुपये व १० किलोमीटरांपर्यंत १५ रुपये झाले. वातानुकूलित बसचे भाडे अनुक्रमे १२ व २० रुपये झाले. यावर उदाहरण घालावे : घरापासून काम ९ किलोमीटरांवर आहे. एक मनुष्य थेट साध्या बसने जातो. दुसरा समोर आली त्या साध्या बसमध्ये चढतो व चौथ्या किलोमीटरावर बस बदलतो. पहिल्यास १५, दुसऱ्यास १० अधिक १० म्हणजे २० रुपये पडतात. जाऊन-येऊन रोजचा फरक १० रुपये, व २५ दिवसांचा २५० रुपये. थेट बसची वाट पाहणाऱ्याने हे पैसे वाचवले. सुटे पैसे हाताशी ठेवावेत, बाकीचे आतल्या खिशात. तिकीट उतरेपर्यंत जपावे.

समारोप. शहरात सर्वच मार्गांवर बस लवकर येते असे नाही. काही ठिकाणी बराच वेळ तिष्ठावे लागते. म्हणून घरातून थोडे आधी निघण्याची सवय लावावी. जो वेळेपूर्वी थांब्यावर येतो, तोच भरलेली बस शांतपणे सोडू शकतो. उशिरा आलेल्यास नियम ठाऊक असूनही तो धावतो. पाठ संपताना मुलांकडून पटांगणातील बसपुढे रांग लावून घ्यावी. बस भरली असे जाहीर करून शेवटच्या चार-पाच मुलांस मागे ठेवावे. ती मुले हिरमुसतील, इतर हसतील. तेव्हा शिक्षकाने मागे राहिलेल्यांचीच पाठ थोपटावी. गाडी सोडून देणे म्हणजे हरणे नव्हे, हे त्या क्षणी मुलांच्या मनावर जसे बिंबेल तसे दहा नियम घोकून बिंबणार नाही.

गृहपाठ. (१) गावाच्या व शहराच्या बसथांब्यांतील तीन फरक लिहा. (२) १२ किलोमीटर लांबीचे रस्ते तुंबले असता पायी जाणारा ताशी ५ किलोमीटर व बस ताशी १० किलोमीटर चालते. दोघांच्या वेळेतील फरक काढा. (३) मुंबईस असलेल्या नातलगास पत्र लिहून त्यांच्या बसचा क्रमांक व शेवटचा थांबा विचारा.