सील फोडण्यापूर्वी

ज्या मालिकेच्या सहा पर्वांचे डीव्हीडी-संच मी एकरकमी पैसे मोजून घेतले, ती मालिका प्रक्षेपणाच्या काळी मी नेमाने पाहिली होती आणि म्हणूनच खरेदीपूर्वी दुकानदारास एक प्रश्न मुद्दाम विचारला होता, हे आरंभीच नमूद करून ठेवते. कारण पुढे जी वादावादी झाली तीत ‘वहिनींनी नीट चौकशी केली नव्हती’ अशी मखलाशी करण्यात आली, आणि न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींपैकी काही भल्या माणसांना ती खरीही वाटली. प्रश्न असा होता : टीव्हीवर दाखवले तसेच सारे आहे ना, गाण्यांसकट? उत्तर मिळाले, “अगदी तसंच, वहिनी. कंपनीचा माल आहे.”

‘डॉसन्स क्रीक’ म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी त्या काळी चौदा-पंधरा वर्षांचे मूल होते त्यांना सांगण्याची गरज नाही. 20 जानेवारी 1998 रोजी सुरू होऊन 14 मे 2003 रोजी संपलेल्या या मालिकेचे 128 भाग झाले. केविन विल्यमसन यांनी कल्पिलेले केपसाइड हे गाव मॅसॅच्युसेट्समधले, चित्रीकरण मात्र दूर दक्षिणेस नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे. मालिकेतल्या मुलांच्या तोंडची भाषा पंधरा वर्षांच्या मुलांची नव्हे, अशी टीका तेव्हाही होई आणि ती रास्त होती. परंतु त्या लांबलचक संभाषणांतून जे पोहोचत नसे ते त्यांमागच्या गाण्यांतून पोहोचे, आणि हे वाहिनीवाल्यांना आमच्याइतकेच ठाऊक होते. भाग संपताच आजची गाणी कोणाची हे ते पडद्यावर जाहीर करीत. 1999 साली मालिकेतल्या गाण्यांची स्वतंत्र तबकडीही निघाली आणि माझ्या लेकीने ती झिजवली. ज्या संगीताचा एवढा डांगोरा पिटला, तेच घरी विकत देताना बिनदिक्कत काढून टाकावे, याला व्यापारी भाषेत काय म्हणतात ते व्यापाऱ्यांनीच सांगावे.

पहिल्या दोन संचांत पॉला कोल यांचे शीर्षकगीत जागच्या जागी होते. अधूनमधून एखाद्या प्रसंगामागे अनोळखी सूर उमटत आणि मी चपापून यजमानांकडे पाही, तर ते म्हणत, “इतकी वर्षं झाली, तुला काय आठवतंय!” तिसऱ्या संचाची पहिली तबकडी यंत्रात घातली, पडद्यावर ओळखीचे चेहरे आले, आणि ज्या क्षणी पॉला कोल यांचा स्वर उठायला हवा त्या क्षणी दुसऱ्याच कोणाचे, दुसऱ्याच चालीचे गाणे सुरू झाले. प्रथम वाटले, तबकडी सदोष असावी. पुढचा भाग लावला, त्यापुढचा लावला, मग चौथा, पाचवा आणि सहावा हे तिन्ही संच फोडून त्यांची आरंभीची दृश्ये एकामागून एक पाहिली, आणि सर्वत्र तेच गाणे असल्याची खात्री पटली तेव्हा यजमान प्रथमच काही बोलले नाहीत. ते गाणे जॅन आर्डेन यांचे ‘रन लाइक मॅड’. गायिका गुणी, गाणेही वाईट नाही, परदेशांत काही ठिकाणी ही मालिका त्याच गाण्याने दाखवीत असत. पण अमेरिकेत बसून आम्ही पाच वर्षे जे ऐकले ते हे नव्हे.

दुकानदारांना फोन केला. हे गृहस्थ आपल्याकडचेच, दिवाळीला घरी येणारे. त्यांचा पवित्रा तीनदा बदलला. प्रथम, “माणसं तीच, गोष्ट तीच, गाणं बदललं म्हणून काय बिघडलं?” मग, “तुम्हालाच चुकीचं आठवत असेल.” यावर मी तळघरातून घरी टेप केलेली जुनी व्हीएचएस कॅसेट आणली (याच कॅसेटी ‘आता टाकून द्या, वहिनी’ असा सल्ला त्यांनी संच विकताना दिला होता) आणि फोन टीव्हीपाशी धरून मूळ शीर्षकगीत त्यांना साद्यंत ऐकवले. थोडा वेळ गेला आणि ते म्हणाले, “घरी टेप करणं बेकायदा असतं, माहीत आहे ना?” ज्याने मला निराळाच माल विकला तो मला कायदा शिकवीत होता! नंतर पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण हा गुन्हा नव्हे, असा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बीटामॅक्स खटल्यात 1984 सालीच दिलेला आहे, हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितले. शेवटचे अस्त्र मात्र बिनतोड निघाले : “सील फोडलंत ना? मग परत नाही.” फोडल्यावाचून आत काय आहे ते कळत नाही आणि फोडले की तक्रारीचा हक्क बुडतो, असा हा इन्साफ.

गाणे बदलण्यामागचे कारण मी नंतर समजून घेतले. एखादे गाणे मालिकेत घालायचे तर दोन मंजुऱ्या लागतात : एक गीत व चाल यांच्या धन्याची, दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाच्या धन्याची. त्या काळचे करारनामे बहुधा प्रक्षेपणापुरतेच असत. घरगुती विक्रीची तरतूद नसल्यामुळे नवा सौदा आणि नवी रक्कम आली, आणि रक्कम जड वाटली की प्रकाशक स्वस्तातले गाणे बसवून मोकळे होतात. पैसा त्यांचा, तो वाचवण्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती सांगण्याची टाळाटाळ करण्यास. ‘डारिया’ ही किशोरवयीन मुलीची व्यंगचित्र-मालिका 2010 साली डीव्हीडीवर आली तेव्हा तिचे कर्ते ग्लेन आयक्लर यांनी, खर्च परवडत नसल्याने जवळजवळ सारे संगीत बदलले आहे, असा खुलासा स्वतःच संचासोबत दिला. ‘फ्रीक्स अँड गीक्स’च्या 18 भागांचा 2004 सालचा संच मूळ गाण्यांसह निघाला. ‘द वंडर इयर्स’ 1993 साली संपली आणि संपूर्ण संच यायला 2014 उजाडले, पण आला तो बहुतांश मूळ गाणी घेऊन. मनात असले की होते.

आता ज्यांना असे संच घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी. सर्व पर्वे एकदम घेतलीत तर पहिले नव्हे, तिसरे किंवा चौथे आधी उघडा, तेही परतीच्या मुदतीच्या आत. पहिल्या पर्वाचे साजरे रूप पाहून मनुष्य गाफील होतो आणि हिवाळाभर सवडीने पाहता पाहता मुदत निघून जाते. संचाच्या पाठीवरचा बारीक मजकूर भिंग लावून वाचा. संगीतात बदल असल्याची कबुली दिलेलीच असेल तर ती तिथे, किमतीच्या पट्टीखाली असते. दुकानदाराचे आश्वासन लेखी घ्या, मग तो कितीही घरोब्याचा असो, किंबहुना घरोब्याचा असेल तर जरूर घ्या. घरी टेप केलेल्या कॅसेटी पडताळून पाहिल्याशिवाय टाकू नका. सहा तासांच्या मंद गतीवर भरल्यामुळे चित्र पुसट असेल, मधे जाहिराती असतील, पण पुरावा म्हणून त्यांना तोड नाही. पुण्याच्या बहिणीला संच पाठवणार असाल तर अमेरिकेतली तबकडी विभाग 1 ची आणि भारतातले यंत्र विभाग 5 चे असते, हे ध्यानात ठेवा. सर्व विभागांचे यंत्र नसेल तर ती फिरणारच नाही. बाकी पैसे जपून खर्च करावेत, वगैरे आपण जाणताच.

2021 साली नेटफ्लिक्सवर या मालिकेला तिचे जुने शीर्षकगीत परत मिळाले. त्या सुमारास आमच्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात तेच दुकानदार भेटले आणि चारचौघांत मोठ्याने म्हणाले, “काय वहिनी, आलं ना तुमचं गाणं परत?” मी त्यांना सांगितले की ते मूळ मुद्रण नव्हे, पॉला कोल यांनी पुढे नव्याने गाऊन केलेले आहे, आणि माझ्या कपाटातल्या चार संचांत तर तेही नाही, तेव्हा त्या चार संचांचे पैसे कधी देता? ते प्रसादाच्या रांगेत पुढे सरकले.